धक्क्याला लावताना

घरच्या माणसाचा स्कॅन आपण करायचा नाही, असं एमआरआय विभागात कुणी लिहून लावलेलं नव्हतं, पण सगळे पाळत. लेकीनेही आजवर पाळलं होतं. त्या दुपारी मात्र बाबा दारातच अडून बसले.

"मशीनवर तू बसणार असशील तर आत जातो. नाहीतर हा मी चाललो घरी."

सोबतची टेक्निशियन हसून बाजूला झाली. बाबांनी घड्याळ, पट्टा, चष्मा काढून ट्रेमध्ये ठेवला आणि ते पाठीवर आडवे झाले. लेकीने त्यांच्या डोक्याभोवती पिंजरा बसवला, हातात इशाऱ्याचा रबरी फुगा दिला आणि काचेच्या अलीकडे येऊन खुर्चीत बसली.

बाबा नदीवरच्या फेरीबोटीचे कप्तान होते. ऐलतीरावरून पैलतीरावर माणसं, सायकली, स्कूटर नेणं आणि आणणं, उभ्या जन्मात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. नदीचे दोन्ही काठ त्यांना कप्तान म्हणूनच ओळखत. आईसुद्धा रागावली की "कप्तान, जेवायला येताय ना?" असं विचारायची. अलीकडे ती वरचेवर रागवायची. हा गडी हल्ली नुसता बसून राहतो, असं तिचं म्हणणं. वर्तमानपत्राचं एकच पान तासभर धरतो. "चहा करू की कॉफी, एवढं विचारलं तर असा बघतो, जसं काही मी गणितच घातलंय." आणि मग एका संध्याकाळी बोट धक्क्यावर आपटली. थोडीशीच आपटली, कुणाला काही झालं नाही, पण कप्तानांची बोट आपटणं ही बातमी होती. लेकीने मागे लागून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वरचा रक्तदाब बघून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि स्कॅन लिहून दिला.

"बाबा, आता ठकठक आवाज येईल. हलू नका," लेक माइकमध्ये म्हणाली.

"अजून हललोय का मी?" आतून आवाज आला.

पहिली चित्रं आली ती ठीक होती. मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ, कुठे गाठ नाही, कुठे ताजा रक्तस्राव नाही. तिने सुटकेचा निःश्वास सोडला. मग दुसऱ्या प्रकारची चित्रं उमटायला लागली. या चित्रांत निरोगी मेंदू करडा दिसतो आणि इजा झालेली जागा पांढरी. मेंदूच्या मधल्या पोकळ्यांच्या कडेने पांढरे पट्टे आले. पुढच्या चित्रात पट्ट्यांच्या बाहेर ठिपके आले. त्याच्या पुढच्या चित्रात ते ठिपके एकमेकांत मिसळले होते. खोल आत, जिथून हातापायांना आणि विचारांना जाणाऱ्या तारा एकत्र येतात, तिथे बारीक खड्डे दिसत होते. कधीतरी येऊन गेलेले, कुणालाही न कळलेले झटके.

अशी चित्रं ती रोज बघत होती. आजवर त्या चित्रांना चेहरा नव्हता.

चेहरा सरळ ठेवायची तिला सवय होती, कारण बाहेर येणारा प्रत्येक माणूस आधी टेक्निशियनच्याच तोंडाकडे बघतो. तिने ओठांवर हसू आणलं आणि आत जाऊन पिंजरा उघडला.

कप्तान उठून बसले. पाण्याचा नुसता रंग बघून खाली वाळू आहे की खडक हे ओळखणारा माणूस. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"काय दिसलं?"

"रिपोर्ट डॉक्टर देतात, बाबा."

"रिपोर्ट कुठे विचारला मी? तू लहानपणी आईची बरणी फोडलीस तेव्हा अशीच हसली होतीस."

तिने त्यांच्या हातात चष्मा दिला.

*

मेंदूच्या डॉक्टर मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी चित्रं बघायच्या आधी कप्तानांची परीक्षा घेतली.

"पाच शब्द सांगते. लक्षात ठेवा. थोड्या वेळाने विचारीन. कुलूप, घंटा, दोरी, पेला, चिमणी."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. कप्तानांनी पाचही शब्द सांगितले आणि वर उलट्या क्रमानेही म्हणून दाखवले. लेकीकडे बघून भुवई उडवली. आई म्हणाली, "बघा, मला वाटलंच. यांना सगळं आठवतं. माझ्या भावाने लग्नात काय घातलं होतं तेही आठवतं."

मग डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली होती. "एकापासून क-कडे रेघ ओढा. तिथून दोनकडे, मग ख-कडे. एकदा आकडा, एकदा अक्षर."

कप्तानांनी एक ते क जोडलं. क ते दोन. दोन ते ख. मग तीन. पेन्सिल तिथे टेकली आणि थांबली. मग ती पुढे चारवर गेली, चारवरून पाचवर.

"अक्षर," डॉक्टर म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला." पेन्सिल उचलली गेली. कागदाच्या वर हवेत फिरली. खाली येईना. लेकीला वाटलं, उठून त्यांचा हात धरावा आणि ग-वर नेऊन ठेवावा. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हे पोरखेळ आहेत," कप्तान म्हणाले आणि पेन्सिल टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी त्यांना खोलीत चालायला लावलं. वळताना ते लहान लहान पावलं टाकत वळले, जसं काही जमीन निसरडी होती. मग डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं लावली.

"हा लहान रक्तवाहिन्यांचा आजार आहे. मेंदूच्या आत केसाहून बारीक वाहिन्या असतात. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की त्या जाड होतात, बुजतात. ज्या भागाला त्या रक्त देतात तो हळूहळू वाळतो. हे पांढरं तेच आहे. तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे. पण मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे निरोप जायला वेळ लागतो. एक काम असेल तर तुम्ही करता. दोन-तीन गोष्टी एकदम समोर आल्या की अडकता."

"बरं होईल?" आईने विचारलं.

"गेलं ते परत येणार नाही. पण पुढचं थोपवता येईल. रक्तदाब मुठीत ठेवायचा, तंबाखू बंद, रोज चालायचं." मग त्या कप्तानांकडे वळल्या. "बोट चालवायची नाही. आजपासून."

कप्तान खिडकीबाहेर बघत होते. एवढा वेळ गेला की लेकीला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

"माझ्या तोंडाने सांगू द्या त्यांना," ते शेवटी म्हणाले. "उद्या सकाळी फेरीचं ऑफिस उघडलं की जातो."

"उद्या दुपारी मी ऑफिसला फोन करणार आहे. तोपर्यंत तुम्ही सांगितलेलं असलं तर उत्तमच."

"शब्द दिला."

कप्तानांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेकीने त्यावर विसंबून त्यांना घरी सोडलं आणि स्वतःच्या घरी गेली.

*

सकाळी ती ड्यूटीला निघायच्या तयारीत होती तेव्हा आईचा फोन आला. आईचा आवाज दबका होता, जसं काही शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.

"अगं, हे गेले."

"कुठे गेले?"

"मला म्हणाले, ऑफिसात जाऊन येतो. मी म्हटलं बरं. आता बघते तर खुंटीवर बोटीवरची टोपी नाही. टोपी घालून कोण ऑफिसात जातं?"

लेकीने फेरीच्या ऑफिसला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कुणा पहारेकऱ्याने उचलला, साहेब अजून यायचेत म्हणाला. "पहिली बोट थांबवा," ती म्हणाली. "कोण बोलतंय?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. "कप्तानांची मुलगी? मग कप्तानांनाच सांगा की," तो म्हणाला आणि हसला.

तिने स्कूटर काढली.

धक्क्यावर पोचली तेव्हा माणसं चढून झाली होती आणि फळी उचलत होते. उचलणारा होता काडी. खरं नाव काहीतरी दुसरं होतं, पण अंगाने इतका उंच आणि किडकिडीत की सगळे त्याला काडीच म्हणत. कित्येक वर्षं तो कप्तानांच्या हाताखाली खलाशी होता. तिला धावत येताना बघून त्याने हात दिला आणि तिला आत ओढलं. बोट सुटली.

"काडी, बाबांनी बोट चालवायची नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

काडीने दोर गुंडाळायचा थांबवला. त्याला धक्का बसेल असं तिला वाटलं होतं. पण तो खाली मान घालून म्हणाला, "मला अंदाज होता, ताई."

"म्हणजे?"

"हल्ली धक्क्याला लावताना मी वर त्यांच्या शेजारी उभा राहतो. ते थांबले की मी हळूच म्हणतो, कप्तान, इंजिन. की ते करतात. कुणाला कळत नाही. आज मात्र म्हणाले, तू खाली थांब, आज मी एकटा."

"तुला चालवता येते?"

"सरळ पाण्यात धरतो कधीकधी. धक्क्याला लावायची परवानगी नाही मला, आणि हिंमतही नाही."

ती लोखंडी शिडी चढून वर गेली. कप्तान सुकाणूवर उभे होते, टोपी नीट बसवलेली, दाढी गुळगुळीत. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"आलीस? आईने फोन केला वाटतं."

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"ऑफिस उघडल्यावर सांगतो म्हणालो होतो. ऑफिस उघडायला वेळ आहे अजून." ते थोडं थांबले. "एकच फेरी. पलीकडे नेतो, तिथेच उतरतो, तिथूनच फोन करतो. कुणी चोरासारखं सुकाणू काढून घेण्याआधी ते एकदा माझं मी सोडायचं होतं."

बोट मध्यावर आली होती. आता मागे फिरवायची म्हणजेही धक्क्यालाच लावणं आलं. आणि कप्तान चालवत तर सुरेख होते. ओहोटीने पाणी समुद्राकडे ओढत होतं, ते सुकाणू जरासं प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरून त्या ओढीला तोंड देत होते. हातांना सगळं येत होतं. तिला क्षणभर वाटलं, चित्रं खोटी असतील. आपण उगाच जीव टांगणीला लावून घेतला असेल.

पलीकडचा धक्का जवळ यायला लागला. खाली लोक उठून उभे राहिले, स्कूटरच्या किल्ल्या वाजल्या. त्याच वेळी धक्क्याच्या आडून वाळू वाहून नेणारी सपाट बोट, बार्ज, बाहेर डोकावली.

रेडिओ खरखरला. "फेरी, तुम्ही आधी लागताय की मी निघू?"

कप्तानांनी रेडिओकडे बघितलं. मग बार्जकडे. खालून काडी ओरडला, "ओढ जास्त आहे, कप्तान, पुढे जातोय आपण!" त्यांनी आवाजाच्या दिशेला बघितलं. मग धक्क्याकडे. मग पुन्हा रेडिओकडे. त्यांचा उजवा हात इंजिनच्या दांड्यावर होता आणि तो हलत नव्हता.

"फेरी, ऐकताय का? निघू का मी?"

ते घाबरले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण चेहरा स्वस्थ होता. पेन्सिल हवेत धरून बसले होते तेव्हासारखा. बोट त्याच वेगाने धक्क्याकडे चालली होती आणि बार्जचं नाक समोर वाढत होतं.

लेकीने रेडिओचा माइक ओढला. कुठलं बटण दाबायचं ते तिला माहीत नव्हतं. तिथे एकच होतं ते दाबलं. "थांबा. तुम्ही निघू नका. थांबा तिथेच." आणि आवाजाची कळ शून्यावर फिरवली. मग ती बाबांच्या अगदी कानाशी गेली आणि माइकमधून पेशंटशी बोलायची त्या सुरात, हळू आणि सरळ म्हणाली, "बाबा, इंजिन. मागे."

हात हलला. दांडा मागे आला. बोटीच्या पोटात घरघर उठली.

"अजून मागे."

अजून मागे आला.

"आता सुकाणू. धक्क्यापासून लांब."

त्यांनी चाक फिरवलं. सगळं बरोबर केलं, फक्त उशिरा. काडीने रबरी टायर मध्ये टाकला, तो दाबला गेला आणि तरीही बोट कुशीवर आपटली. खाली माणसं एकमेकांवर गेली. एक स्कूटर कलंडली आणि कुणीतरी किंचाळलं. मग इंजिनची घरघर तेवढी उरली.

कप्तानांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावरून काढून ते हातांकडेच बघत राहिले.

"मला सगळं दिसत होतं," ते म्हणाले. "काय करायचं तेही ठाऊक होतं. सुरुवात कुठून करायची तेवढं सापडेना."

*

स्कूटर एका शिक्षिकेच्या पायावर पडली होती. त्यांचा घोटा सुजत होता, ओठ पांढरे पडले होते, तरी "शाळेत कळवा कुणीतरी" एवढंच म्हणत होत्या. लेकीने गुडघे टेकून पाय तपासला, दोन फळ्या मागवून बांधला. हाड मोडलेलं होतं. बाकीच्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

कप्तान शिडी उतरून आले. गर्दीने वाट दिली. ते वाकले आणि टोपी काढून शिक्षिकेला म्हणाले, "बाई, चूक माझी आहे."

काडी मागून कुजबुजला, "कप्तान, पाण्याला ओढ होती. बार्जवालाही मध्ये आला. सगळे तसंच सांगतील."

"तू तोंड मिटून माझी फार दिवस सोय केलीस," कप्तान त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आता उघड."

धक्क्यावरच ऑफिसची शाखा होती. तिथला अधिकारी कप्तानांच्या ओळखीचा, जुन्या स्नेहातला. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि दार लोटून घेतलं.

"असं करू," तो म्हणाला. "चक्कर आली असं लिहितो. माणसाला चक्कर येऊ शकते. कुणी बोट दाखवणार नाही, आणि तुम्ही मानाने घरी बसाल."

कप्तान गप्प राहिले. अधिकाऱ्याने पेन उचललं. लेकीला वाटलं, हे पुन्हा अडकले. तिने तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात ते बोलले.

"चक्कर नव्हती. मला काल डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालवू नका. ऐकून, समजून मी आज सुकाणूवर गेलो. असं लिहा."

"कप्तान, त्याने परवाना तर जाईलच, वर चौकशी लागेल."

"लागू दे."

"मलाही माहीत होतं," लेक म्हणाली. "मी काल रात्रीच तुम्हाला कळवायला हवं होतं. तेही लिहा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं, की कौतुकाने, ते तिला कळलं नाही.

चौकशी झाली. परवाना गेला. काडीला समज मिळाली. मेंदूच्या डॉक्टरांनी चौकशीत सांगितलं की मी दुपारपर्यंतची मुदत द्यायला नको होती, आणि त्या दिवसापासून त्यांनी कुणाला तशी मुदत दिली नाही. शिक्षिकेच्या घोट्यात सळई घालावी लागली. कप्तान त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. कप्तान दुसऱ्यांदा गेले नाहीत. "त्यांचं बरोबर आहे," एवढंच घरी येऊन म्हणाले.

नंतरचे दिवस वाईट गेले. कप्तान खुर्चीत बसून राहत. टीव्ही लावला तर बघत, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघत. लेकीशी ते कामापुरतं बोलत. काडीने बोट धक्क्याला लावायच्या परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरला आणि तो काही विचारायला घरी आला, तेव्हा ते झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. आई एकदा स्वयंपाकघरात लेकीला म्हणाली, "मी इतकी वर्षं समजत होते की हा माणूस मला उत्तर द्यायचा कंटाळा करतो. भांडले, बोलले, नाही नाही ते म्हणाले. आणि आत ते तसं पांढरं पसरत होतं."

"तुला कसं कळणार होतं, आई?"

"नाही कळणार. पण बोलले तर मीच ना."

डॉक्टरांनी आईला एक गोष्ट शिकवली होती. यांना एका वेळी एकच प्रश्न विचारा, आणि विचारल्यावर थांबा. उत्तर येतं, वाट लांबची असते एवढंच. आईसारख्या बडबड्या बाईला हे फार जड गेलं. प्रश्न विचारून ती तोंडावर हात ठेवून उभी राहायची.

औषधांनी रक्तदाब हळूहळू खाली आला. तंबाखू सुटली, ती सुटताना तिघांचेही हाल झाले. संध्याकाळी लेक ड्यूटीवरून परस्पर यायची आणि त्यांना चालायला न्यायची. ते मुकाट्याने पायात चपला सरकवत. रोज बाजाराच्या बाजूने जायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, परत यायचं. नदी दुसऱ्या बाजूला होती. तिकडे जाऊ या असं दोघांपैकी कुणीही म्हणत नसे.

एका संध्याकाळी वळसा घालताना त्यांचं पाऊल अडखळलं. तिने दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

"त्या दिवशी तू वर आलीस," ते म्हणाले.

ती थांबली. ते बोलायचे राहिले होते की बोलून झाले होते, ते तिला कळेना. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. समोरच्या घरात कुणीतरी पोराला अभ्यासाला बस म्हणून दटावत होतं. ती दंड धरून उभी राहिली.

"त्याचा मला फार राग आला होता," ते म्हणाले. "अजून आहे थोडा. तू आली नसतीस तर ती बाई..." वाक्य तिथेच राहिलं.

घरी आल्यावर आईने पाणी दिलं. "उद्या कुठल्या बाजूने जाणार फिरायला?" तिने सहज विचारलं, आणि विचारलं तशी तोंडावर हात ठेवला.

कप्तान खुर्चीत बसले. चपला काढल्या. पेला रिकामा केला आणि खाली ठेवला. लेक रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळत होती, यंत्र फुगलं आणि ओसरलं.

"काडीला बोलाव उद्या," ते म्हणाले. "म्हणावं, परीक्षेचं पुस्तक घेऊन ये. नदीकडूनच जाऊ तिघं."